‘अभिनंदन, तुम्हाला गोव्याची सहल लागली!’ फुकटच्या सहलीचा खर्च नेमका कोण करतं?

शनिवारची दुपार. अनोळखी नंबरवरून फोन येतो. “मॅडम, अभिनंदन! लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय. गोव्यात तीन दिवस, दोन रात्री, दोघांसाठी, पूर्ण मोफत.” समोरच्याला तुमचं नाव माहीत असतं, तुम्ही भिवंडीत राहता हेही माहीत असतं. त्यामुळे मनातली शंका थोडी मागे पडते.

पण नाव माहीत असणं हा कसलाच पुरावा नाही. मॉलमध्ये भरलेलं कूपन, पेट्रोल पंपावर टाकलेली चिठ्ठी, इन्स्टाग्रामवर ‘तीन मित्रांना टॅग करा आणि सहल जिंका’खाली दिलेला नंबर, यातल्या कुठूनही ही माहिती बाहेर जाऊ शकते.

भिवंडी हे यंत्रमागांचं आणि गोदामांचं शहर. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या घरात सहल काढायची म्हणजे सुट्टी आणि पैसा दोन्ही जुळवावं लागतं. वर्षानुवर्षं पुढे ढकललेली गोष्ट कुणी फुकट देतो म्हणालं, तर मोह होणारच. हा फोन त्या मोहासाठीच केलेला असतो.

सापळे दोन, पद्धत वेगळी

पहिला प्रकार सरळ चोरीचा. बक्षीस लागलंय, फक्त ‘प्रोसेसिंग फी’ भरा. ती भरली की जीएसटी, मग विमा, मग ‘सीट कन्फर्म’ करण्याचे पैसे. प्रत्येक वेळी रक्कम इतकीच असते की ‘एवढे गेलेत, अजून थोडे भरू’ असं वाटावं. कधी क्यूआर कोड येतो, कधी ‘व्हाउचर’ म्हणून एपीके फाइल. कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. एपीके उघडली तर मोबाइलचा ताबाच दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो आणि त्याबद्दल बोललं मात्र कमी जातं. इथे कुणी पळून जात नाही. “तुमचं व्हाउचर घ्यायला ठाण्यातल्या अमुक हॉटेलात या, नवरा-बायको दोघांनी यायलाच हवं,” असं सांगितलं जातं. तिथे चहा-नाश्ता, मोठा आवाज, दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी अभिनंदन आणि दोन-तीन तास चालणारं प्रेझेंटेशन. शेवटी काही वर्षांचं ‘हॉलिडे मेंबरशिप’ पॅकेज समोर येतं. लाखाच्या घरातली किंमत सवलतीत निम्मी होते, पण ‘फक्त आजच्यासाठी’. क्रेडिट कार्ड स्वाइप होतं, सह्या होतात. मोफत व्हाउचर वापरायला गेलं की तारखा मिळत नाहीत, विमानाचं भाडं, जेवण आणि कर स्वतःचे असतात, शिवाय वार्षिक देखभाल शुल्क वेगळं.

जोडीने का बोलावतात? ‘घरी विचारून सांगते’ ही वाट बंद व्हावी म्हणून. आणि तिथून निघाल्यावर कुणाला वाटतं, आपणच सही केली, आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

आधी ‘टॅक्स’ भरायचा, हे खरं की खोटं?

इथे बरेच जण गोंधळतात, कारण यात थोडं तथ्य आहे. लॉटरी किंवा स्पर्धेतलं बक्षीस १० हजार रुपयांच्या वर असेल, तर त्यावर ३० टक्के कर कापला जातो. बक्षीस वस्तूच्या किंवा सहलीच्या रूपात असेल, तर ते देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री बक्षीस देणाऱ्याने करायची असते. म्हणजे खऱ्या बक्षिसातही कराचा विषय निघू शकतो.

फरक असा, की खरा कर तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होतो आणि फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. तो कुणा ‘मॅनेजर’च्या यूपीआय आयडीवर जात नाही.

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय

टाइमशेअर किंवा हॉलिडे मेंबरशिप हा धंदा बेकायदा नाही. पण ‘सुट्टी’ हा शब्द पुढे करून काय होऊ शकतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. पॅनकार्ड क्लब्स ही कंपनी लोकांना हॉटेलच्या ‘रूम नाइट्स’ विकायची. खोली वापरली नाही, तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत मिळेल असं सांगितलं जायचं. म्हणजे नाव सहलीचं आणि व्यवहार ठेवीसारखा. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सेबीने ही बिगरनोंदणीकृत सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं सांगत ५१ लाखांहून जास्त लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदल्या वर्षी रॉयल ट्विंकल स्टार क्लबवरही सेबीने अशीच कारवाई केली होती.

आदेश निघाला म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. अपिलं, मालमत्तांची विक्री, कोर्टाच्या तारखा यात गुंतवणूकदारांची वर्षं गेली.

तीर्थयात्राही सुटलेली नाही

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने चारधाम यात्रेकरूंना इशारा दिला होता. केदारनाथ हेलिकॉप्टर बुकिंगच्या नावाने बनावट वेबसाइट आणि पेजेस चालवली जात होती. हे बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा पोर्टलवरच होतं.

भिवंडीत उमराह आणि हजची पॅकेजेसही अनेकांच्या घरचा विषय आहे. खासगी हज टूर ऑपरेटर केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो, ती यादी आधी तपासावी. ‘दरमहा हप्ता भरा, सोडतीत नाव निघालं तर फुकट यात्रा, नाही निघालं तर शेवटी पैसे परत’ अशा योजनेपासूनही लांब राहिलेलं बरं. १९७८ च्या प्राइज चिट्स बंदी कायद्याने अशी योजना चालवायलाही मनाई आहे आणि तिचं सभासद व्हायलाही.

‘मोफत’ शब्दाला कायद्यात अर्थ आहे

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, द्यायचा इरादा नसताना बक्षीस जाहीर करणं किंवा किंमत वसूल करूनही ‘फुकट’ असल्याचा भास निर्माण करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू घेण्याचा किंवा पोहोचवण्याचा अपरिहार्य खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावं लागत असेल, तर त्याला ‘मोफत’ म्हणता येत नाही.

मात्र युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअरचा करार १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येतो, तसा टाइमशेअरसाठीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे सही करण्याआधीचे दोन दिवस आपले आपणच मागून घ्यावे लागतात.

फोन आला तर काय विचाराल?

• मी कोणत्या स्पर्धेत, कधी भाग घेतला होता?
• कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि जीएसटी क्रमांक काय? दोन्ही सरकारी पोर्टलवर तपासता येतात.
• प्रवास, जेवण, कर यातलं काय मोफत आहे, हे लेखी पाठवाल का?
• करार घरी नेऊन वाचता येईल का?
• जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यायला हवेत. मग हा साध्या मोबाइल नंबरवरून का?

‘ऑफर आजच संपते’ हे उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच तर?

ऑनलाइन चोरी असेल, तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी अडवता येऊ शकतात, म्हणून इथे मिनिटं महत्त्वाची.

मेंबरशिपच्या नावाने फसवणूक झाली असेल, तर कंपनीला लेखी नोटीस द्या, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, तरीही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगात जा. करारात ‘वाद फक्त दिल्लीत’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेही तक्रार करता येते. भिवंडीकरांसाठी तो ठाणे जिल्हा आयोग. लवादाचं कलम असल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

त्यामुळे व्हाउचर, मेसेज, कार्डाची पावती, यातलं काहीही डिलीट करू नका. आणि सही आपणच केली म्हणून गप्पही बसू नका. त्या हॉटेलात पुढच्या शनिवारी दुसरी जोडपी बसलेली असतील.