माशांचा काढा आधी तपासा

पावसाळी बंदीच्या काळात मिरकरवाडा बंदरातल्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि मासे खाणाऱ्याला तळ्यातल्या मासळीकडे वळावे लागते. रोहू, कटला, तिलापिया, खाजणातली कोलंबी. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे तळ्यांत पैसा घालणारे वाढतील हे उघड आहे. अशा वेळी या माशांना काय खाऊ घातले जाते, हा प्रश्न फक्त तळेवाल्याचा राहत नाही.

दाटीने वाढवलेल्या माशांत रोग झपाट्याने पसरतो. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू अंगावर जखमा करतो, पोट फुगवतो आणि थोड्या दिवसांत तळे रिकामे करू शकतो. त्यावर प्रतिजैविके ओतण्याची सवय महागात पडते, कारण औषधाला न जुमानणारे जिवाणू तळ्यापुरते राहत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना तर आपल्याकडे मत्स्यशेतीत बंदीच आहे. म्हणून लसूण, हळद, तुळस, गुळवेल खाद्यात मिसळण्याकडे कल वाढला. ही दिशा रास्तच आहे.

मासा पाण्याखाली असल्याने तो आजारी आहे हे बहुधा उशिरा कळते. शेपटीजवळच्या शिरेतून काढलेले थोडे रक्त मात्र आधीच सांगते: तांबड्या पेशी किती, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी जिवाणूंशी झुंजायला तयार आहेत की नाहीत. भारतीय शास्त्रज्ञांनी रोहूच्या बोटुकल्यांवर याच पद्धतीने लसणाचे प्रयोग केले. त्याहून रत्नागिरीकरांना रस वाटावा असा प्रयोग आंब्याच्या कोयीचा आहे. किलोभर खाद्यात कोयीची काही ग्रॅम भुकटी मिसळून ती ६० दिवस दिली, नंतर माशांना मुद्दाम एरोमोनासची लागण केली. कोय खाल्लेल्या बोटुकल्यांची प्रतिकारशक्ती सुधारली आणि त्या अधिक संख्येने जगल्या. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आंब्याच्या हंगामात कोयींचे ढीग पाहणाऱ्या जिल्ह्याने त्याकडे कानाडोळा करू नये.

पण प्रयोगाची टाकी आणि शेतातले तळे यांत अंतर असते. टाकीत पाणी स्वच्छ, मासे मोजके, खाद्य ताजे. लसणातले गुणकारी ॲलिसिन लसूण ठेचल्यावर तयार होते आणि उष्णतेने लवकर नष्ट होते. वाफेवर बनवलेल्या खाद्याच्या गोळीत ते किती उरते, हे विचारायला हवे. आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासा साठवणीतल्या तांबड्या पेशी रक्तात सोडतो. तेव्हा रक्त दाट दिसते, पण मासा गुदमरत असतो. एकट्या हिमोग्लोबिनच्या वाढीवर पोते विकणाऱ्याला हे सोयीस्करच आहे.

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हा समज तर तळेवाल्यांनी तरी बाळगू नये. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारायला ते मोहाची पेंड टाकतात, आणि तीही वनस्पतीच आहे. तिच्यातले सॅपोनिन कल्ल्यांतून आत शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. म्हणून पेंड टाकल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मगच बीज सोडतात. सॅपोनिन कमी-अधिक प्रमाणात अनेक झाडपाल्यांत असते, तर कडुनिंबाचा अर्क जास्त झाला की माशांना मारक ठरतो. मात्रा चुकली की जे रक्त सुधारायचे तेच बिघडते.

कोलंबीचे गणित आणखी वेगळे. चहाच्या बियांची पेंड तळ्यातले मासे मारते, कोलंबी मात्र तीत बहुतांशी तगते. तिच्या रक्तात तांबड्या पेशीच नाहीत, हिमोग्लोबिनही नाही. प्राणवायू वाहण्याचे काम तांबे असलेले हिमोसायनिन करते. रोहूवर सिद्ध झालेला ‘रक्तवर्धक’ गुण कोलंबीला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी दाखवून औषध घेणे.

किनारपट्टीच्या मत्स्यशेतीत कोलंबीचे महत्त्व मोठे, म्हणून हे इथेच तपासले पाहिजे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीत आहे. जिताडा आणि कोलंबी, खाजणातले निमखारे पाणी, स्थानिक वनस्पती, अशा चाचण्या शेतकऱ्यांच्या तळ्यांवर, न घातलेल्या तळ्याशी तुलना करून व्हाव्यात. त्यासाठी निधी द्यायचा तो राज्य सरकारने. तोवर निदान पोत्यावर चार गोष्टी छापण्याची सक्ती हवी: वनस्पती कोणती, तिचा कोणता भाग, किलोमागे किती ग्रॅम आणि कोणत्या जातीवर तपासले. चाचणीच्या तक्त्यात कोलंबीपुढे हिमोग्लोबिनचा रकाना नको, तिच्या रक्तपेशींच्या संख्येचा हवा. आणि जगून बाजारात पोचलेल्या कोलंब्या किती, हा रकाना त्याहून आधी हवा.