फ्लॅट तिथं, मत इथं

उंद्री म्हटलं की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला चिखली-खामगाव रस्ता आठवतो. चिखली तालुक्यातलं, उदयनगर या नावानंही ओळखलं जाणारं गाव. भोवती सोयाबीन, तूर, हरभरा. हेच नाव मोबाइलवर टाका, तर पडदाभर टॉवर उगवतात. तरणतलाव, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक आणि 'फॅमिलीसाठी आदर्श परिसर'. ही पुण्याची उंद्री, कोंढवा आणि हडपसरच्या मधली. दोन्ही उंद्र्यांमध्ये रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास आहे आणि तो सतत चालू असतो. आपल्याकडची शिकलेली पोरं पुण्याच्या अशा उपनगरांत घरं घेतात, आणि त्यांची पोरं सांभाळायला इकडून आजी-आजोबा पाळीपाळीनं जातात.

पाळी हा शब्द मुद्दाम वापरतोय. पेरणी आटोपली की आई जाते, दिवाळीनंतर सासूबाई येतात, बाप मात्र तुरीच्या राखणीला गावातच. जाहिरातीतल्या सुखी कुटुंबात आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा असतो. संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर मात्र म्हाताऱ्याच दिसतात. कुणी वऱ्हाडातली, कुणी खानदेशातली, कुणी पार कानपूरची. हे 'कौटुंबिक' उपनगर ज्यांच्या गुडघ्यांवर उभं आहे, त्यांचा जाहिरातीत फोटो नसतो. अशीच एक काकू मला म्हणाली होती, "सारं चांगलं हाय बाबू, पन अथी कोनी कोनाले वयखत नाई." तरी ती दर वर्षी जाते.

आणि सारं चांगलं आहे, हेही खरंच. पोरगी आठ वर्षांची असो की अठरा, रात्री दहाला फाटकाच्या आत बिनधास्त सायकल चालवते. वीज गेली तरी लिफ्ट चालते. आजोबांच्या छातीत दुखलं तर मोठं हॉस्पिटल जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, चार चौक पलीकडे असतं. गावात बसून या सुखाला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

एका आजोबांनी मात्र या सुखाचा हिशेब आपल्या मापात मांडला. महिन्याचा मेंटेनन्स साडेपाच हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८. म्हणजे दर महिन्याला एक पोतं नुसतं जिने झाडायला आणि फाटक उघडायला! वर्षाची बारा क्विंटल झाली, कोरडवाहूत दोन एकरांचं पीक. तेही हमीभाव हाती पडला तर, हे त्यांनी हसत हसत जोडलं.

त्या पैशात फाटकाच्या आतलं सगळं येतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की गोष्ट बदलते. उंद्री ऑक्टोबर २०१७ मध्ये आणखी दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. त्याआधी ती ग्रामपंचायत होती आणि टॉवर तेव्हापासूनच उभे राहत होते. शेजारच्या हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, त्यात भागीदार झाले आणि आधी रस्ते आखून मग घरं बांधली. उंद्री-पिसोळीकडे जमीन तुकड्यातुकड्यानं गेली. ज्याच्या हाती जो तुकडा लागला, त्यानं त्यावर आपलं फाटक उभारलं. फाटकाच्या आत बाग, बाहेर बैलगाडीच्या मापाचा जुना रस्ता. त्यातून कात्रज-मंतरवाडी बाह्यमार्गावरच्या ट्रकांची रांग. आणि पाणी? कर महापालिकेचा, पाणी टँकरचं, ही समाविष्ट गावांची तक्रार पुण्यात आता जुनी झाली.

टँकर आपल्याला काय नवा आहे! बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरच्या मागण्या सुरू होतात. फरक इतकाच, की इथं टँकर आला नाही तर बाया घागरी घेऊन पंचायत समितीवर धडकतात. तिथं सोसायटीचा व्यवस्थापक दुसऱ्या टँकरवाल्याला फोन लावतो आणि पुढच्या बिलात आकडा वाढतो. पाण्याला टँकर, विजेला जनरेटर, रस्त्याला उंच गाडी, सुरक्षेला रखवालदार. प्रत्येक सार्वजनिक अडचणीवर खासगी तोडगा निघाला, की ती अडचण महापालिकेच्या टेबलावर पोचतच नाही. हा तोडगा टिकाऊही नसतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा संशय गेला तो सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट भागांतल्या पाण्यावर. महिन्याला कितीही मेंटेनन्स भरा, दूषित पाणी सोसायटीच्या फाटकाशी थांबत नाही.

मग ही शिकलेली, कमावती, इंग्रजीत तक्रार लिहू शकणारी माणसं गप्प का? माझ्या मते कारण साधं आहे. त्यांचा फ्लॅट तिथं आहे, मत इथं आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस सामान्यतः जिथं राहतो तिथं त्याचं नाव असावं, आणि एकाच ठिकाणी असावं. पण आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी मतदारयादीतलं नाव गावातच ठेवलंय. बापाची जमीन, भाऊबंदकी, गावातला मान. कारणं समजण्यासारखी आहेत. परिणाम असा, की जिथं ती पाणी पितात तिथल्या नगरसेवकाला त्यांची गरज नाही. तसा नगरसेवकही कुठं होता? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची. इकडे ग्रामपंचायत कायद्यानं वर्षाला चार ग्रामसभा ठरवून दिल्यात. त्या कशा होतात ते आपल्याला माहीत आहे, पण सरपंचाला तोंडावर विचारायची जागा तरी आहे. तिथं विचारायची जागा म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. तिच्यात पार्किंग आणि कुत्र्यांवरून तीन तास जातात.

याच सभांमध्ये बॅचलरना घर भाड्यानं द्यायचं नाही, फॅमिलीच पाहिजे, असाही ठराव होतो. त्याला हात वर करणाऱ्यांत आपल्याकडचेही असतात. दहा वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला लागल्यावर हेच दारोदार खोली शोधत फिरले होते आणि 'तुम्ही बॅचलर' म्हणून परत पाठवले गेले होते. लग्न झालं, कर्ज मिळालं, फाटकाच्या आत आले आणि फाटक लावून घेतलं. यात दुष्टपणा नाही. दीड कोटीचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस घराची किंमत पडेल या भीतीनं काहीही मंजूर करतो.

महापालिकेत आता नगरसेवक आलेत. मतदारयादीत नाव हलवायला अर्ज क्रमांक ८ लागतो, तो मोबाइलवरही भरता येतो. मी हे सुचवलं, तेव्हा एका पुतण्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "काका, ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन जाऊ द्या मग." त्या निवडणुकीला पुण्याहून भरून ट्रॅव्हल्स येतील. भाडं उमेदवार भरतो, जेवण वाटेत धाब्यावर असतं, आणि सोमवारी सकाळी सगळे आपापल्या लिफ्टमध्ये.