नवी आवृत्ती, जुना पट

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाला 2024 साली पन्नास वर्षे झाली, आणि त्याच वर्षापासून त्याच्या नियमग्रंथांची नवी मालिका बाजारात येऊ लागली. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हे नाव फारसे कुणाच्या कानांवर पडलेले नाही. पुण्या-हैदराबादेत नोकरीला गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून ते आमच्यापर्यंत आले. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. आपले पात्र काय करील ते खेळाडू बोलून सांगतो, आणि ते साधले की फसले याचा कौल वीस बाजूंचा फासा देतो. सोंगी भारुडावर आणि आख्यानांवर ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्यांना हा प्रकार वाटतो तितका परका नाही.

आमचे कुतूहल मात्र खेळापेक्षा त्याच्या आवृत्त्यांविषयी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली तीन पातळ पुस्तिकांत हे नियम प्रसिद्ध केले. पुढे 2000 साली तिसरी, 2008 साली चौथी आणि 2014 साली पाचवी आवृत्ती निघाली. 2024च्या ग्रंथांना प्रकाशक सहावी आवृत्ती म्हणत नाहीत, पाचवीचेच सुधारित रूप म्हणतात. प्रत्येक वेळी जुन्या खेळाडूंना हाताची सवय मोडावी लागली. तिसऱ्या आवृत्तीपूर्वी चिलखत जितके भक्कम तितका त्याचा आकडा लहान धरत, 2000 पासून तो मोठा धरू लागले. वरवर ही साधी वजाबाकी-बेरीज आहे, परंतु वर्षानुवर्षे एका दिशेने चाललेले मन एका रात्रीत उलटे फिरत नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत कपाटात राहते आणि एकटा वाचकही ती वाचू शकतो. खेळाचे तसे नाही. टेबलाभोवतीच्या सर्वांनी एकच आवृत्ती मान्य केल्याशिवाय पहिला फासासुद्धा पडत नाही. त्यामुळे नवी आवृत्ती स्वीकारणे ही खेळात नेहमी सामुदायिक गोष्ट असते. तीत वाद होतात, तडजोडी होतात, 'हा नियम नवा घेऊ, तो जुनाच ठेवू' असे ठराव होतात. खेळाडू अशा ठरावांना घरचे नियम म्हणतात. आमच्या मते आवृत्तीचे खरे संपादन इथे होते. छापील ग्रंथ हा त्या संपादनाला पुरवलेला मसुदा असतो.

2024च्या बदलांपैकी एक बदल साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. 2014च्या ग्रंथात पात्राचा 'वंश' त्याचे बळ, चापल्य, बुद्धी यांच्या गुणांकांत भर घाली. नव्या ग्रंथात 'वंश' हा शब्द गेला, त्या जागी 'प्रजाती' आला, आणि गुणांकांतली ती भर पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपवली गेली. ते शेतकरी होते की सैनिक की लेखनिक, यावरून ती ठरते. काही जुन्या खेळाडूंना हा खेळात घुसलेला उपदेश वाटला. आम्हांला तसे वाटत नाही. जन्मावरून गुण ठरवणारा जुना नियमही एक उपदेशच करीत होता. सवयीने तो ऐकू येईनासा झाला होता, इतकेच. मात्र जन्माऐवजी व्यवसाय आणला की प्रश्न सुटला, हा भाबडेपणा निदान आपल्याला परवडणारा नाही. आपल्याकडे व्यवसायही जन्माबरोबरच चिकटत आला आहे. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांना औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका इथे सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेत शिंप्याचे पूर्वायुष्य नामदेवांच्या कामी आले नाही. कुणी कुठे उभे राहायचे, हा नियमच फिरावा लागला.

आता आपल्या पटाकडे वळू. आवृत्ती बदलली की काय हरवू शकते, याचा मोठा दाखला आपल्याच घरात आहे. तो म्हणजे मोक्षपट, ज्याला आज आपण सापशिडी म्हणून ओळखतो. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते. त्याला समकालीन आधार नाही आणि उपलब्ध जुने पट पुष्कळ नंतरचे आहेत. जैन आणि वैष्णव अशा त्याच्या निरनिराळ्या मांडण्या होत्या, घरांची संख्याही वेगवेगळी होती. त्यांपैकी 72 घरांच्या वैष्णव मांडणीत प्रत्येक घराला नाव आहे. जन्म, माया, क्रोध, लोभ अशी सुरुवात होते. चोपन्नाव्या घरात भक्ती आहे आणि तिथली शिडी थेट अडुसष्टाव्या घरात, वैकुंठात पोहोचते. खेळ तिथे संपतो. वैकुंठ ओलांडून पुढे गेलेल्याला आणखी चार घरे आहेत, आणि बहात्तराव्या, म्हणजे सर्वांत वरच्या घरात तमोगुणाचा साप बसला आहे. तो खेळाडूला एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो.

म्हणजे या पटावर शेवटचे घर आणि अंतिम घर ही एक नाहीत. उंच जाणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे, हा विचार कुणी ओवीत किंवा अभंगात सांगितलेला नाही. तो घरांच्या क्रमातच बसवलेला आहे. भक्तीची शिडी चोपन्नावर का आणि मध्ये कोणती घरे टळतात, हे प्रश्न एखाद्या कवितेच्या रचनेइतकेच वाचनीय आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला तेव्हा आधी तिथल्या सद्गुण-दुर्गुणांची चित्रे त्यावर आली. साप पूर्वी शिड्यांहून अधिक असत, ते जवळपास शिड्यांइतके झाले. अमेरिकेत 1943 साली सापही गेले आणि मुलांच्या घसरगुंड्या आल्या. आपल्याकडे परतलेला पट शंभर आकड्यांचा आहे. त्यात सर्वांत वरचे घर हेच जिंकण्याचे घर आहे, आणि साप नव्याण्णवावर का आहे याचे उत्तर कुणाकडे नाही. शब्द गेले, आकडे राहिले. या सोप्या आवृत्तीवर आमचा राग नाही. लहान मुलाला मोजणी शिकवायला ती उत्तम आहे. खेद याचा आहे की ही एक आवृत्ती आहे, याचेच भान आपल्याला राहिले नाही.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळाडूंनी हे भान सोडले नाही. प्रकाशकांनी 2000 साली आपल्या नियमांचा गाभा इतरांना वापरण्याची खुली परवानगी दिली होती. चौथी आवृत्ती न रुचलेल्यांसाठी 2009 साली दुसऱ्या एका प्रकाशनाने तिसऱ्या आवृत्तीचेच नियम पुढे नेत 'पाथफाइंडर' हा खेळ आणला. 2023च्या जानेवारीत ती परवानगी आवळण्याचा बेत उघड झाला, तेव्हा खेळाडूंनी एवढा विरोध केला की त्याच महिन्यात प्रकाशकांनी माघार घेऊन पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सर्वांना मोकळा केला. जुनी आवृत्ती टिकली ती तीन कारणांनी: ती लिहिलेली होती, ती वापरण्याची मुभा होती, आणि ती वेगळी आहे हे खेळणाऱ्यांना माहीत होते.

मराठीच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले आणि ती प्रत सर्वमान्य झाली. तरीही वि. का. राजवाडे यांनी 1909 साली एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा शब्दाशब्दावर चर्चा करायला विद्वान पुढे आले. पोथीतल्या एका मात्रेसाठी आपण भांडलो. पटावरची बहात्तर नावे पुसली गेली तेव्हा आपल्यापैकी कुणाला तो पाठभेद वाटला नाही, कारण तो आपण पोरखेळाच्या खात्यात टाकला होता.

हे खाते आता तरी बदलावे, असे आम्ही सुचवतो. मोक्षपट मध्ययुगीन साहित्याच्या तासाला संहिता म्हणून वाचायला हवा. दुसरे काम त्याहून जवळचे आहे. कवड्यांवर किंवा फोडलेल्या चिंचोक्यांवर खेळायचा पंचवीस घरांचा पट खेड्यापाड्यांतल्या जुन्या बायकांना अजून मांडता येतो. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, असा कडक नियम काही ठिकाणी असतो, तर काही ठिकाणी ती अट नसते. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेल्या क्षेत्रप्रकल्पांत वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या पटाचे नियम, घरांची नावे आणि दान पडताना उच्चारले जाणारे शब्द लिहून आणले, तर खर्च वहीचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

लिहून ठेवलेला खेळ गोठतो, असा आक्षेप यावर येईल. तो अगदीच चुकीचा नाही. एकच गावचा नियम छापून त्यालाच शुद्ध ठरवले, तर बाकीची गावे अशुद्ध ठरतील आणि आपण इंग्लंडातल्या छापखान्याचेच काम पुन्हा करू. म्हणून पाचही तालुक्यांचे नियम शेजारीशेजारी नोंदवायला हवेत, कोणताही मुख्य आणि कोणताही तळटीपेत नको. पुढच्या पिढीला त्यांतला कोणता घ्यायचा, की सगळेच टाकून सहावा करायचा, ते तिने आपल्या पटाभोवती बसून ठरवावे. निवडीला तिच्यापुढे काहीतरी असावे, एवढी जबाबदारी आपली.