तो टक्क्यांचा आकडा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला मनुष्य हिंडूफिरू लागला की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु स्नायूवर उरलेल्या व्रणाभोवती विद्युत्प्रवाह भरकटून हृदयाची लय अकस्मात बिघडू शकते. हे आधी ओळखावे कसे? पूर्वी जादा ठोके मोजून ते औषधाने दडपीत. १९८९ साली अमेरिकेतील पाहणीत त्या गोळ्या घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक आढळले! आज इको तपासणीत पाहतात, ते डावा कप्पा दर ठोक्याला आतील रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो हे. औषधोपचारानंतरही आकडा ३५ वा त्याखाली राहिला, तर लय सावरणारे यंत्र छातीत बसविण्याचा विचार होतो. असे यंत्र मनुष्याला प्रथम बसविले ते १९८० साली, बाल्टिमोरमध्ये.

मात्र अकस्मात दगावणाऱ्यांत ३५ च्या वरचेच बहुसंख्य असतात. मुळात त्यांची संख्याच मोठी. म्हणून सुरतेत, आपल्या लिंबायत-उधन्याच्या घरांत, हृदयरोग्याची शुद्ध क्षणभर जरी हरपली, तरी 'ऊन बाधले' म्हणून लिंबूपाण्यावर भागवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घराण्यात कुणी ऐन तारुण्यात अवचित गेले असल्यास तेही सांगावे (आपल्याकडे हे झाकण्याची खोड फार). जुना इकोचा कागद सोबत असावा. आकडा त्यावरच असतो.