तिसरी अंगठी

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. "अगं, तो म्हणतोय, घरी सांगायची अजून वेळ आलेली नाही!"

म्हटलं, झालं. पुन्हा तेच. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय बरं का.) वय एकतीस, नोकरी उत्तम, फ्लॅटचा हप्ता स्वतः भरते. नवरा पाच वर्षांपूर्वी अपघातात गेला. आता हा दुसरा. भारी दिसतो, भारी बोलतो, मैत्रिणींची मागची यादीही भारीच! तीन वर्षं झाली. ऑफिसात आम्हा चौघींना माहीत, त्याच्या घरी कुणालाच नाही. का? तर म्हणे आईला विधवा सून झेपणार नाही.

सल्ले देऊन मी थकलेय. म्हणून या वेळी तिला एक गोष्ट सांगितली. अगदी खरी.

हिरो : जॉर्ज, प्रिन्स ऑफ वेल्स, इंग्लंडच्या गादीचा वारस. वय एकवीस, एक नंबरचा छंदीफंदी. पत्ते, घोडे, दारू, बायका आणि डोक्यावर डोंगराएवढं कर्ज.

हिरोइन : मारिया फिट्झहर्बर्ट. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, कॅथलिक आणि दोनदा विधवा. पहिला नवरा लग्नानंतर काही महिन्यांतच गेला, नव्या मृत्युपत्रावर सही करायची राहूनच गेली. सहीची किंमत तिला एकोणिसाव्या वर्षीच कळली. दुसरा १७८१ मध्ये गेला, पण लंडनमधलं घर आणि वर्षाला हजार पौंडांची सोय करून गेला. तेव्हा तिथे लग्न झालेल्या बाईचा पैसा बहुतेक नवऱ्याच्या ताब्यात जायचा. विधवा मात्र आपल्या पैशाची आपण मालकीण. म्हणजे मारियाला लग्नाची घाई नव्हतीच.

राजपुत्र मागे लागला. ती म्हणाली, लग्नाशिवाय काही नाही. १७८४ च्या जुलैत तिच्याकडे निरोप : राजपुत्राने स्वतःला भोसकून घेतलंय, ताबडतोब या! (इमोशनल ब्लॅकमेल काही आजचं नाही.) ती गेली, पण डचेस ऑफ डेव्हनशायरला सोबत घेऊन. रक्ताने माखलेल्या हिरोला लग्नाचं वचन दिलं आणि लगेच देश सोडून युरोपात पळाली. वर्षाहून जास्त परतलीच नाही.

शेवटी १५ डिसेंबर १७८५ ला, तिच्याच दिवाणखान्यात, दार लावून लग्न झालं. पाद्री कुठला? कर्जापायी तुरुंगात पडलेला, त्याचं कर्ज फेडून आणलेला! पण १७७२ च्या कायद्याने राजाच्या परवानगीशिवाय हे लग्न बाद. आणि कॅथलिक बायको केली असं उघड झालं असतं, तर गादीवरच पाणी. तेव्हा, शूऽऽ... कुणाला सांगायचं नाही.

१७८७ मध्ये त्याच्या कर्जाचा विषय पार्लमेंटात आला. त्याचा मित्र फॉक्स उभा राहिला आणि म्हणाला, असं लग्न झालेलंच नाही. पार्लमेंटने कर्जासाठी १,६१,००० पौंड दिले. बायको मात्र 'नाहीच' ठरली.

पुढे १७९४ मध्ये पत्राने ब्रेकअप, १७९५ मध्ये त्याचं राजकन्येशी रीतसर लग्न. मग पोपने तिचं लग्न चर्चच्या दृष्टीने खरं ठरवलं आणि १८०० मध्ये दोघं पुन्हा एकत्र! शेवट झाला १८११ च्या एका शाही मेजवानीने. मानाच्या टेबलावर तिच्यासाठी जागा नव्हती. ती त्याच्या आयुष्यातून निघून गेली.

१८३० मध्ये तो गेला. गळ्यात तिचं छोटंसं चित्र बांधून त्याला पुरलं.

"आई गं, किती रोमँटिक!" फोनवरून हुंदका.

थांब ना. तिनं काय केलं ते ऐक. १८३३ मध्ये दोघांची पत्रं ठरवून जाळली गेली. पण लग्नाचा दाखला तिने जाळू दिला नाही, लंडनच्या कूट्स बँकेत ठेवला. १८३७ मध्ये ब्रायटनला ती गेली. तिथल्या चर्चमध्ये तिचा पुतळा आहे, बोटात तीन अंगठ्या असलेला. तिसरी त्याची.

मला त्याचं प्रेम खोटं वाटत नाही. पण ते त्याने कबरीत नेलं, जिथे कुणी बघणार नव्हतं. तिला ते उजेडात हवं होतं, चार लोकांत, टेबलावरच्या एका खुर्चीएवढं.

आणि त्याच्यापुढे निदान राजा होता, कायदा होता, गादी होती. आपल्या हिरोला कुणाची परवानगी लागते? १८५६ पासून आपल्याकडे विधवेचं लग्न कायदेशीर आहे. उरली ती फक्त आई. आणि आईला सांगायला हिंमत लागते, बस्स.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "रविवारी त्याच्या घरी जेवायला बोलाव म्हणते. बघू, टेबलावर जागा आहे का."

आज शुक्रवार. तो अजून "कळवतो" म्हणतोय.