कचेरीचा नाताळ कोठे करावा?

नोकरीनिमित्त हैदराबादेस राहणाऱ्या एका तरुणाच्या वडिलांचे पत्र आमच्याकडे आले आहे. मुलाची कचेरी आबिड्स भागात आहे. पस्तीस-चाळीस माणसांच्या त्या कचेरीत ख्रिस्ती असा तो एकटाच. कंपनीने यंदा नाताळची मेजवानी करावयाचे ठरविले आणि साहेबांनी त्याला बोलावून सांगितले, "सण तुमचा आहे, तेव्हा जागा तुम्हीच पाहा." सहकाऱ्यांनी लागलीच शहराच्या दुसऱ्या टोकाचे, हायटेक सिटीकडील गच्चीवरचे एक उपाहारगृह सुचविले. तेथे मद्याची सोय आहे, नाचगाण्याची आहे, आणि वर्गणी दर माणशी इतकी की शिपायाचा तीन दिवसांचा पगार तीत जावा. तारीख सुचविली आहे २४ डिसेंबर, रात्री आठची. "मुलाने यातून अंग काढून घ्यावे काय?" असे वडील विचारतात. "त्याची आई म्हणते, नोकरीच्या ठिकाणी नाही म्हणू नये. मी म्हणतो, प्रभुजन्माच्या नावाने असला धिंगाणा आपल्या मुलाच्या हातून होऊ नये. घरात दोन तट पडले आहेत."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मुलाने अंग काढून घ्यावे असे आम्हांस वाटत नाही. ज्याला सणाचा अर्थ ठाऊक आहे तोच बाजूला झाला, तर ज्याला तो ठाऊक नाही तो जागा ठरवील आणि मेजवानी गच्चीवरच होईल. साहेबांनी काम सोपविले आहे ते विश्वासाने. ते त्याने घ्यावे आणि नीट करावे.

जागेच्या आधी तारखेचा विचार हवा. २४ डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे आगमनकाळाची अखेर आणि जागरणाच्या मिस्साची वेळ. त्या रात्री मेजवानी ठेवली तर कचेरीतला एकुलता एक ख्रिस्ती माणूस एक तर मिस्सा चुकवील, नाही तर नाताळच्या मेजवानीतून अर्ध्यावर उठेल. शिवाय ज्यांना सणासाठी गावी जावयाचे असते त्यांच्या गाड्या त्याच दोन-तीन दिवसांत असतात. साहेबांना हे सरळ सांगावे. बहुधा त्यांना ते माहीतच नसते. ख्रिस्तसभेच्या पंचांगात नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा हा शास्त्राप्रमाणे उत्तम. पण आबिड्सपुरती एक अडचण आहे. जवळच नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीपासून 'नुमाइश' हे मोठे प्रदर्शन भरते आणि संध्याकाळी त्या बाजूचे रस्ते तुडुंब भरतात. म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील एखादी दुपार आम्ही सुचवितो.

आगमनकाळात मेजवानी कशी, असे एखादा कडक भाविक विचारील. विचारणे रास्त आहे. घरी आपण तो नियम पाळावा. पण ज्या एकोणचाळीस माणसांना आगमनकाळ म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांच्या सोयीकडे पाहून एक दुपार घालविण्याने व्रतभंग होतो असे आम्ही मानीत नाही.

दुपारच का, तेही सांगतो. दुपारी जेवण ठेवले की मद्याचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. स्त्रियांना उजेडी घरी पोहोचता येते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना 'येत नाही' म्हणावे लागत नाही. गच्ची किंवा अंगण घेतले तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, ती कटकटही उरत नाही.

आता जागा. सहकाऱ्यांना हायटेक सिटी दिसते, कारण ती नवी आणि झगमगीत आहे. आबिड्स जुने आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी आल्बर्ट आबिद नावाचे गृहस्थ होते. त्यांनी येथे दुकान थाटले आणि दुकान गेले तरी नाव राहिले. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होते. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना राजधानीची ही पेठ परकी नव्हती. आजही कोठीकडे वळले की केशवराव कोरटकरांसारख्या मराठी मंडळींनी उभी केलेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था भेटते. पण आम्ही आबिड्स सुचवितो ते जुन्या आठवणींसाठी नव्हे. कचेरी तेथेच आहे, नामपल्लीचे रेल्वे स्टेशन व मेट्रोचे स्थानक जवळ आहे, आणि बसगाड्या चोहीकडे जातात. शिपाई, झाडूवाली बाई, पहारेकरी यांना तेथे येण्यास व तेथून जाण्यास भाडे पडत नाही. गाडी उभी करण्यास जागा मिळत नाही हे खरे. पण ती अडचण गाडीवाल्यांची आहे, आणि गाडीवाले थोडे असतात.

येथे आम्ही मुख्य गोष्टीशी आलो. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला सांगतो की भोजनास परतफेड करू शकणाऱ्या धनिकांना नव्हे, तर परतफेड करता न येणाऱ्यांना बोलवावे. कचेरीतही अशी माणसे असतात. जागा अशी निवडली की जिच्या दारात ती माणसे ओशाळी होतात, तर यादीत त्यांचे नाव असूनही त्यांना बोलावले नाही असेच होते. काचेच्या दारापाशी गणवेशातला दरवान उभा असला आणि भोजनपत्रिका इंग्रजीत असली, की पंधरा वर्षे चहा देणारा म्हातारा "पोट बरे नाही" असे सांगून घरी राहतो. त्याचे पोट उत्तम असते. म्हणून त्या तरुणाने जागा ठरविण्याआधी साहेबांना नव्हे, त्या म्हाताऱ्याला विचारावे की आपण कोठे जेवला असता.

आबिड्समध्ये या दृष्टीने निवडीला वाव आहे. ताजमहाल हॉटेल १९४८ पासून शाकाहारी दाक्षिणात्य जेवणासाठी प्रसिद्ध आहे. इराणी मंडळींनी काढलेले ग्रँड हॉटेल १९३५ चे, त्याची ख्याती बिर्याणीची. आम्ही कोणाची जाहिरात करीत नाही. दोन्ही नावे एवढ्यासाठी घेतली की कचेरीत शाकाहारीही असतात आणि मांसाहारीही. एकाच्या आवडीने जागा घेतली तर दुसरा केवळ पापड खाऊन उठतो. जेथे दोन्ही स्वयंपाक निराळ्या भांड्यांत होतात, मुसलमान बांधवांसाठी मांस हलाल आहे असे विचारता येते, आणि बिनअंड्याचा केक मिळतो, अशी जागा शोधावी. हैदराबादेस ती मिळते.

मद्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला हे आम्हांस ठाऊक आहे, आणि दर नाताळी कोणी ना कोणी ते आम्हांस ऐकवितोच. पण कानातील पाहुणे रात्री दुचाकीवरून घरी जाणार नव्हते. तेलंगणात २१ वर्षांखालील माणसाला मद्य देणे कायद्याने मना आहे, आणि नव्याने लागलेल्या मुलांपैकी काही त्याहून लहान असतात. ज्याला प्यावयाचे त्याने स्वतःच्या खर्चाने आणि दुसऱ्या दिवशी प्यावे. कंपनीच्या पैशाने नाताळच्या नावावर नको.

स्त्रियांविषयी आणखी एक गोष्ट साहेबांच्या कानावर घालावी. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेला २०१३ चा कायदा कचेरीच्या चार भिंतींपुरता नाही. कामाच्या निमित्ताने जेथे जावे लागते ती जागा आणि कंपनीने दिलेले वाहन, दोन्ही त्यात येतात. मेजवानीत कोणी मर्यादा सोडली तर "ते बाहेर घडले" ही सबब चालत नाही. एवढे ऐकल्यावर बहुतेक साहेबांना गच्चीपेक्षा दुपारचे जेवण आवडू लागते.

आबिड्सची आणखी एक सोय आहे. गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १८७० साली त्याची पायाभरणी झाली आणि १८७५ च्या नाताळात तेथे मिस्सा झाला. जेवणानंतर कोणी सहज विचारले, "तुमचे देऊळ कोठे आहे?" तर त्या तरुणाने दोन-चार जणांना तेथे न्यावे. कोणी न विचारल्यास नेऊ नये. गव्हाणी त्या दिवशी मांडून झालेली असेलच असे नाही, हे आधी सांगावे.

राहिली वर्गणी. ती पगाराच्या मानाने असावी, किंवा सर्व खर्च कंपनीने करावा. सरसकट एकच आकडा नको. दोन-तीन जागा त्याच वारी, त्याच वेळी स्वतः जाऊन पाहाव्या, जिने आणि स्त्रियांचे स्वच्छतागृह पाहावे, आणि दर कागदावर लिहून घ्यावेत. वाहनचालक व पहारेकरी यांची ताटे बिलात आधीच लिहवून घ्यावीत. आयत्या वेळी ती विसरली जातात.