कावळ्यांचा घोळका आणि फोनमधला घोळका

भर दिवसा एखादे घुबड उघड्या फांदीवर येऊन बसले की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. एक कावळा ओरडतो, त्याचे ऐकून दहा-बारा जमतात आणि अंगावर झेपा घेत घुबडाला हुसकावून लावतात. पक्ष्यांच्या या वर्तनाला 'मॉबिंग' म्हणतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी त्याचे वर्णन केले होते. स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी तिथून हा शब्द उचलला आणि शाळेत एका मुलाभोवती जमणाऱ्या घोळक्याला लावला. १९७२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. त्यांच्या दत्तक मुलाच्या वाट्याला असा त्रास आला होता. म्हणजे या विषयाची सुरुवात एका बापाच्या काळजीतून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र ही उपमा एका बाबतीत फसवी आहे. घुबड हे कावळ्यांहून बलवान. रात्री ते त्यांची पिले पळवते. कावळे जमतात ते स्वसंरक्षणासाठी. वर्गात नेमके उलट असते! डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी दांडगाईच्या तीन खुणा सांगितल्या : ती हेतुपुरस्सर असते, पुनःपुन्हा होते आणि सोसणाऱ्याचे बळ कमी पडते. तेव्हा मधल्या सुट्टीत दोन मित्रांची जुंपली तर ती दांडगाई नव्हे. ती बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते.

फोनने या तीन खुणांपैकी दुसरीचा अर्थ बदलून टाकला. पूर्वी शाळा सुटली, दप्तर खुंटीला लागले की निदान उद्यापर्यंत सुटका असे. आता तोच घोळका रात्री अंथरुणापर्यंत येतो. कुणी टवाळीचे चित्र एकदाच पाठवले आणि शंभर जणांनी ते पुढे ढकलले, तर एकाच कृतीत 'पुनःपुन्हा' आलेच की!

"एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" असे मोठी माणसे म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेत आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून पडद्यावर चेंडूफेकीचा खेळ दिला. इतर दोन खेळाडू थोड्या वेळाने आपापसांतच चेंडू फेकू लागले. ते दोघे म्हणजे खरे तर संगणकाचा आधीच ठरवलेला कार्यक्रम होता. तरीही वगळल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत जो भाग उद्दीपित झाला, तो शरीराला दुखापत झाल्यावरही उद्दीपित होतो. अनोळखी माणसांनी चेंडू न देण्याने इतके होत असेल, तर रोज शेजारी बसणाऱ्यांनी गटातून काढून टाकल्यावर काय होत असेल?

आता येथून पुढचा भाग घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

माझी मुलगी आठवीत असताना तिचे छायाचित्र वर्गाच्या गटात वाकडेतिकडे करून फिरले. तिने रडत मला दाखवले. मी काय केले? फोन काढून घेतला आणि कपाटात टाकला. मला वाटले, झाले, प्रश्न मिटला. पण चित्र फिरतच होते, फक्त तिला ते दिसत नव्हते. आणि पुढचे सहा महिने तिने मला शाळेतले काहीएक सांगितले नाही. शिक्षा कुणाला झाली? जिने सांगितले तिला! मुले घरी सांगत नाहीत त्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की पालकांनी पहिल्या दिवशी फोनला हात लावू नये. आधी ऐकावे, मध्ये न बोलता.

मग मुलाला बरोबर घेऊनच पडद्याचे छायाचित्र काढावे, तारीख-वेळ टिपून ठेवावी, त्रास देणाऱ्याचा क्रमांक रोखावा. वर्गशिक्षकांना भेटावे, पण मुलाला सांगून. समोरच्याच्या घरी तावातावाने जाणे मात्र टाळावे. दोन बापांच्या भांडणाचे व्याज दुसऱ्या दिवशी वर्गात मुलालाच फेडावे लागते. "तूही दोन ठेवून दे" हा सल्लाही तसाच, कारण बळ समान असते तर प्रश्नच उद्भवला नसता. प्रकरण धमकीचे किंवा अश्लील चित्राचे असेल, तर शाळेपाशी थांबू नये. ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नये. सरळ पोलिसांकडे जावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो तुम्हीही फिरवू शकता.

आणखी एक. "तुला कुणी त्रास देते का?" असे पालक विचारतात. "तुझ्या वर्गात कुणाला त्रास होतो, आणि तेव्हा तू काय करतोस?" असे सहसा कुणी विचारत नाही. जणू त्रास देणारी मुले कुणाच्या घरची नसतातच! कॅनडात शाळेच्या मैदानांवरील प्रसंगांचे चित्रण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दांडगाईच्या १०० पैकी सुमारे ८८ प्रसंगांत इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ प्रसंगांत. पण मुले मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दांडगाई १० सेकंदांच्या आत थांबली. हा दुसरा प्रश्न आज जेवताना तुमच्या घरी कुणी विचारला नाही, तर तुम्हीच काढा.